रायफलीला भिंग चालत नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर.
दसरा होऊन आठवडा झाला. (तारीख घातली असती, पण कॅलेंडर समोरच्या भिंतीवर आहे आणि इथून दिसत नाही.)

ती. अक्काताईच्या पायांवर धाकटा भाऊ बसलिंगाप्पा याचे डोके, आणि घरातल्या लहानथोरांचे शरणार्थ. वि. वि. (या दोन अक्षरांचा अर्थ मला चौथीत कळला नाही आणि त्यानंतर शाळाच सुटली. पण आपले अप्पा प्रत्येक पत्रात घालायचे म्हणून मीही घालतो. न घातल्यामुळे काही वाईट झाले तर जन्मभर मनाला लागून राहील.)

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस का अजून? चढू नकोस. म्हैस व्याली का? व्याली असेल तर तिच्याजवळ एकटी जाऊ नकोस, व्यालेली म्हैस ओळख ठेवत नाही. तुझ्या नातवाला मोटारसायकल हळू चालवायला सांग, कागलचा हायवे फार वाईट. त्याच्याबद्दल काही कानावर आलेले नाही, पण काळजी आधीच करून ठेवलेली बरी, नंतर वेळ मिळत नाही. मी ठीक आहे. म्हणजे तसा ठीक आहे. फोन का केला नाही असे तू म्हणशील. मी फोनवर बोलायला लागलो की फोन नसता तरी कागलपर्यंत ऐकू गेले असते, असे सूनबाई म्हणते. आणि या पत्रातल्या काही गोष्टी पेठेला कळण्यासारख्या नाहीत. म्हणून कागद घेतला. ओळी वरखाली झाल्या तर समजून घे, पेन नवीन आहे.

तर अक्का, मुख्य गोष्ट आपल्या सौंदर्याची. माझ्या शिवप्रसादची थोरली, तू तिला वास्तुशांतीला बघितली होतीस, तेव्हा ती तुझ्या मांडीवर झोपली होती. आता ती अकरावीला आहे आणि रायफल चालवते. घाबरू नकोस. मी घाबरलो होतो, तेवढे दोघांत पुरे. ही वाऱ्यावर चालणारी रायफल. हिच्यात दारू नसते, वारा भरलेला असतो, आणि बाहेर पडतो तो हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही बारीक असा शिशाचा छर्रा. समोर दहा मीटरवर कागद, कागदावर काळे वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या मधोमध पूर्णविरामाएवढा ठिपका. तो ठिपका उडवायचा. का उडवायचा हे मी पहिल्या वर्षी विचारले, दुसऱ्या वर्षी विचारायचे सोडले. ती अंगात एक जाकीट घालते, ते इतके ताठ की काढून खाली ठेवले तरी उभे राहते. पहिल्यांदा मी अंधाऱ्या बोळकांडीत ते जाकीट बघून त्याला आत या म्हणालो होतो.

रोज सकाळी ती आमच्या बाहेरच्या सोप्यात उभी राहते. रायफलीत छर्रा नसतो, नुसता नेम. समोर महात्मा बसवेश्वरांच्या फोटोशेजारी भिंतीवर एक ठिपका चिकटवलेला आहे. (फोटो आधी मध्ये होता, मी बाजूला सरकवला. नेम चुकला तर काय, असे मला वाटले. छर्राच नाही तर चुकून जाणार काय, असे सगळे म्हणाले. तरी सरकवला.) त्या वेळी घरात भांडे आपटायचे नाही, पंखा लावायचा नाही. ती श्वास धरते. आणि अक्का, तुला म्हणून सांगतो, ती श्वास धरते तेव्हा मीही कोपऱ्यातल्या खुर्चीत श्वास धरतो. माझा धक्का हवेतून तिला लागू नये म्हणून. ती सोडते तेव्हा मी सोडतो. एकदा तिचा नेम फार लांबला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने रायफल खाली केली आणि म्हणाली, "अज्जा, तुमी श्वास घ्या की. मी तुमच्याकडंच बघत बसले तर नेम कवा धरू?" तेव्हापासून मी चोरून धरतो.

या पोरीची जिल्ह्यातून निवड झाली आणि दिवाळीनंतर पुण्याला राज्याची मॅच आहे. तिथे चांगली लागली तर पुढे देशाची. तिला शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या, क्लबच्या रायफलीवरची साईट झिजली आहे, तिचा स्क्रू धरत नाही, तेव्हा हिच्यासाठी स्वतःची चांगली साईट घ्यायला हवी. साईट म्हणजे रायफलीवर बसवायचे ते, ज्यातून नेम धरतात. शिवप्रसाद म्हणाला, माझी शिरोलीच्या कारखान्यात पाळी आहे, मला पुढच्या आठवड्यापर्यंत सवड नाही. पुढचा आठवडा! तोपर्यंत दुकानातल्या चांगल्या साइटी संपल्या तर? मी म्हणालो, मी बघतो. चाळीस वर्षे शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर काढली आहेत. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडायच्या आधी नुसत्या रंगावरून मी सांगायचो की आत मऊ आहे की दाणेदार. ज्या डोळ्यांनी एवढा गूळ पारखला त्यांना एक साईट पारखता येणार नाही? मॅडम काहीतरी सांगत होत्या, पण तोपर्यंत मी चपला घातल्या होत्या.

बरोबर पिराजीला घेतले. (तालमीशेजारचा पिराजी. त्याच्या वडिलांनी म्हणे राधानगरीच्या जंगलात काहीतरी मारले होते. ते काय होते यावर त्याच्या घरातच एकमत नाही. पण बंदुकीच्या दुकानात जाताना असा माणूस बरोबर असावा.) दुकानदार सभ्य होता. त्याने विचारले, साईट कशाला पाहिजे? मी तोंड उघडायच्या आधी पिराजी म्हणाला, "लांबचं दिसायला." दुकानदाराने एकापाठोपाठ एक दुर्बिणी काढल्या. काळ्या, नळकांड्यासारख्या, दोन्ही बाजूंना भिंग. मी पहिली डोळ्याला लावली आणि रस्त्यावर बघितले. धुरकट. दुसरी लावली. धुरकट. मी त्याला स्पष्ट सांगितले, मालक, तुमच्या मालाला बुरशी लागली आहे. तो बिचारा एकेक भिंग फडक्याने पुसायचा, स्वतः बघायचा, मान हलवायचा, परत मला द्यायचा. शेवटी त्याने सगळ्यांत मोठी काढली. ती माझ्या हातात मावेना. तिच्यातून मात्र लांबच्या पाट्यांची अक्षरे एवढी मोठी झाली की धुके असूनही वाचता आली. आणि त्याच वेळी, अक्का, मला चौकातल्या मिसळीच्या दुकानासमोर उभे राहून मिसळ खाणारे आमचे व्याही दिसले.

गारगोटीचे गुरुसिद्धाप्पा, आमच्या सूनबाईचे, सुष्मिताचे वडील. पाठ धरली आहे, अंथरुणावरून उठता येत नाही, म्हणून आदल्याच दिवशी आमच्या घरच्या पूजेला न आलेले. आणि इथे उभ्याउभ्या मिसळ! मी तिथूनच त्यांना फोन लावला. चांगले सुनावले. म्हणालो, पाव किती खाल्ले तेही मला दिसते आहे. पलीकडून त्यांच्या सूनबाई बोलल्या की मामंजी पालथे झोपलेले आहेत आणि पाठीला शेक चालू आहे, फोन कानाला मी धरला आहे. दुर्बिणीतला माणूस तेवढ्यात वळला. तो कोण होता मला माहीत नाही. टोपी मात्र तशीच होती. यानंतर सुष्मिता दोन दिवस माझ्याशी "जेवायला वाढलंय" यापलीकडे बोलली नाही, आणि तेही ताटाकडे बघून.

पण साईट चांगली निघाली असे समजून मी ती घेतली. घरी आलो, सौंदर्याच्या हातात डबा ठेवला. तिने उघडला. आधी तिला हसू आले, ते मी बघितले. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितले आणि ते हसू तिने गिळले. हसली असती तर बरे झाले असते. ती शेजारी बसून समजुतीने म्हणाली, "अज्जा, आमच्या मॅचला भिंग चालत न्हाय. रायफलीवर भिंग लावलं की तिथंच बाद." मी म्हणालो, मग लांबचे दिसणार कसे? ती म्हणाली, दिसायचे ते आपल्या डोळ्यानेच. साईट म्हणजे नुसते एक भोक असते. बारीक, बरोबर मधोमध. त्यातून पुढची रिंग बघायची, रिंगेतून काळे वर्तुळ बघायचे, सगळे एकात एक गोल बसले की चाप ओढायचा. अक्का, विचार कर. पुण्याला त्या दुर्बिणीसकट ही पोर उभी राहिली असती आणि तिला सगळ्यांसमोर बाहेर काढले असते, आणि ते कुणामुळे, तर माझ्यामुळे. ते मला इतके दिसले, इतके स्पष्ट दिसले की मी त्या दिवशी जेवलो नाही. (दुपारचा. संध्याकाळी जेवलो, नाहीतर पित्त होते.)

दुर्बीण परत करायला पिराजी आला नाही, त्याचे त्या दिवशी पोट दुखत होते. दुकानदार म्हणाला, "काय पावणं, काल तर वाघाच्या मागं निघालतासा. वाघानं परत पाठिवलं व्हय?" मी डबा पुढे सरकवला. त्याने परत घेतली, चांगला माणूस. जाता जाता म्हणाला, "एक सांगू? आमच्या भिंगाला बुरशी न्हाय. डोळं दाखवून घ्या." मी मनात म्हणालो, एकदा माल परत आला की दुकानदार असेच बोलायचा.

मग खरी साईट घ्यायला मॅडमनी आम्हाला रेंजवर बोलावले. तिथे पुण्याचा एक विक्रेता आला होता, टेबलावर पांढरे फडके टाकून साइटी मांडल्या होत्या. एवढ्या एवढ्या, घड्याळाच्या आतल्या यंत्रासारख्या. बाजूला आटे, फिरवले की भोक लहानमोठे होते. मी म्हणालो, भोकाचेच पैसे घेता की भोवतीच्या लोखंडाचे? सौंदर्याने माझा सदरा मागून ओढला. मॅडम मात्र म्हणाल्या, आजोबा, तुम्हीही बघा. त्यांनी एकेक साईट रायफलीवर बसवली, रायफल स्टँडवर ठेवली आणि मला खुर्ची दिली. मी डावा डोळा मिटून उजव्याने बघितले. धुके. दुसरी. धुके. तिसरी बसवली, तरी तेच, जसा गुऱ्हाळात काहिलीवरचा धूर मध्ये यावा. आता इथे तर भिंगही नव्हते. नुसते भोक. भोकाला बुरशी लागते का? मी ते बोलूनही दाखवले. विक्रेत्याने मॅडमकडे बघितले. मॅडम माझ्याकडे न बघता, स्क्रू घट्ट करत असल्यासारखे करून म्हणाल्या, "आजोबा, जरा दुसऱ्या डोळ्यानं बघा बघू."

मी उजवा मिटला आणि डावा लावला. अक्का, काय सांगू. चंद्राला खळे पडते तसे. बाहेर एक काळे कडे, आत एक कडे, त्याच्या आत पांढरे, आणि मधोमध काळेभोर गोल, हलत नव्हते, पळत नव्हते, नुसते माझी वाट बघत असल्यासारखे थांबले होते. रोज सकाळी आपली पोर हे बघते तर. मला वाटले होते ती मारायला बघते. ती हे बघते. मी बराच वेळ उठलो नाही. मग म्हणालो, हीच घ्या. आणि उजव्या डोळ्यात धूळ गेली होती असे सगळ्यांना सांगून टाकले. मॅडमनी मला रुमाल दिला, विक्रेता साइटी पुसायला लागला.

घरी आल्यावर सौंदर्याने वर्तमानपत्र घेतले, माझ्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, वाचा. मी वाचले. तिने पेपर सुलटा केला. पुढचे तुला सांगायला नको. दवाखान्यात नेले, मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला, डॉक्टर म्हणाले काढून टाकू. मी म्हणालो, पोरीची मॅच होऊ दे, मग बघू, आत्ता घरात दवाखान्याची कटकट नको. माझी सगळी काळजी पोरीचीच, असे सगळ्यांना वाटले. खरे कारण तुला सांगतो. डोळ्यात सुरी घालतात, अक्का, आणि माणूस जागा असतो. म्हणजे सुरी येताना दिसते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला काही दिसत नाही, मग तीच एक गोष्ट कशी दिसते, असे पिराजी म्हणाला, पण पिराजीच्या डोक्यावर विसंबून मी डोळा देणार नाही. शिवाय तोंडावर फडके टाकतात. मला फडक्याखाली गुदमरते. आणि मी शिंकलो तर?

यानंतर जे झाले ते मी तुला सांगणार नव्हतो. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. अप्पा विळा, अडकित्ता, तराजू सगळे मांडायचे, आठवते का? यंदा मी म्हणालो, घरातले खरे हत्यार सौंदर्याची रायफल, तिचीही पूजा झाली पाहिजे. पोर तेव्हा अंघोळीला गेली होती. मी पाटावर रायफल मांडली, नव्या साइटीवर आधी तेलाचे बोट फिरवले, मग तीन बोटांनी चांगली भरपूर विभूती ओढली. तिन्ही पट्टे ठसठशीत. कपाळ कुठले हे कळेना म्हणून मागून आणि पुढून, दोन्हीकडे. सौंदर्या आली, बघून म्हणाली, "अज्जा, रायफल जंगमस्वामींसारखी दिसायला लागली की," आणि हात जोडले. संध्याकाळी तिने फडक्याने वरून पुसली. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी ती रेंजवर गेली.

आली आणि जाकीट तसेच टाकले. स्वयंपाकघरात आईला हळू आवाजात सांगत होती, मी पाणी प्यायला गेलो होतो, माझ्या कानावर पडले. म्हणाली, "आई, डोळ्यापुढं धुकं येतंय. सगळं धुरकट दिसतंय. परवापर्यंत चांगलं व्हतं." आणि रडली. अक्का, ती रडत नाही. निवड झाली नाही त्या वर्षीही रडली नव्हती.

धुके! माझाच रोग. माझाच पोरीला गेला. मोतीबिंदू लागत नाही हे मला आता सगळे सांगतात, पण तेव्हा मला काय ठाऊक? आम्ही एकाच टॉवेलला तोंड पुसतो. माझाच चष्मा पुसायचे फडके तिने साइटीला वापरले. आणि रोज सकाळी मी कोपऱ्यात बसून तिच्याकडे टक लावून बघतो तो वेगळाच. माझ्या डोळ्यात जे होते ते मीच तिच्यावर सोडले असे मला वाटले. मी देवघरात गेलो, गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि म्हणालो, हिचे डोळे राहू देत. माझे दोन्ही कापा, फडके टाका, काय करायचे ते करा, मी शिंकणारसुद्धा नाही. हे मी मनातच बोललो, नाहीतर पेठेने ऐकले असते.

आणि तसाच उठलो, तिचा हात धरला, रायफल शिवप्रसादला घ्यायला लावली (त्या दिवशी त्याची सुट्टी होती) आणि मॅडमचे घर गाठले. जाताना रिक्षात सौंदर्या मलाच धीर देत होती. "अज्जा, काय हुत न्हाय वो, थकलं असतील डोळं." मॅडमनी आधी तिचे दोन्ही डोळे बघितले, मग रायफल हातात घेतली, साईट खिडकीकडे धरली, आणि त्यातून बघून मला म्हणाल्या, आजोबा, हिला काही लावलंय का? मी म्हणालो, पूजा केली. त्यांनी साईट सोडवली, आटे उघडले, काडीला कापूस गुंडाळून आत घातला. बाहेर काढला तेव्हा कापसावर तेलात कालवलेली विभूती होती. त्या एवढ्याशा भोकावर तेलाचा पापुद्रा धरला होता आणि पापुद्र्यावर विभूती. अजून एक काडी घातली, तीही पांढरी. पोरीचे डोळे ठणठणीत होते. धुके मी माझ्या हाताने, तिन्ही बोटांनी घातले होते.

सौंदर्या हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि हसते आहे. मॅडम हसल्या. शिवप्रसाद, तुला ठाऊक आहे तो कधी हसत नाही, तो भिंतीकडे तोंड करून हलत होता. मॅडम म्हणाल्या, आजोबा, यापुढे पूजा जाकिटाची करा. मी मान खाली घालून बसलो होतो, पण आतून, अक्का, मला इतके हलके वाटत होते की मला वाटले, अजून चार शिव्या घालाव्यात, माझी काही हरकत नाही.

तर अशी सगळी हकिगत. साईट आता उत्तम आहे. सौंदर्याचे छर्रे पुन्हा ठिपक्यावर बसतात. तू काळजी करू नकोस, ती मी करतो. गुडघ्यांना तेल लाव, तेल गुडघ्यांनाच लावायचे असते हे मी आता शिकलो आहे. मोठ्यांना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद, म्हशीला चारा.

तुझा धाकटा,
बसलिंगाप्पा

ता. क. तुझ्या दोन्ही डोळ्यांचे झाले तेव्हा दुखले होते का, हे पिराजी विचारतो आहे. त्याचा कुणीतरी पाहुणा आहे, त्याच्यासाठी. खरे सांग. थोडे दुखले असेल तर थोडे सांग. सुरी दिसते का, हेही सांग.

ता. क. दुसरा. पिराजीचा पाहुणा वगैरे कुणी नाही. मी देवापुढे बोललो आहे आणि मागे कसा फिरू? ते कुणी ऐकले नव्हते, तेव्हा फिरता आले असते, हा विचार दोन दिवस करून बघितला. पण गळ्यातले लिंग गळ्यातच असते, त्याच्यापासून कुठे लांब जाणार? म्हणून एकटाच दवाखान्यात जाऊन दिवस ठरवून आलो. मुद्दाम तोच ठरवला, जो पुण्याच्या मॅचचा आहे. त्या दिवशी शिवप्रसाद, सुष्मिता, सौंदर्या तिघेही पुण्याला असणार. मी टेबलावर घाबरून काही बोललो, ओरडलो, तर घरच्या कुणी बघायला नको. सौंदर्याने तर मुळीच नको, तिचा हात हलेल. त्यांना मी सांगितले आहे की तारीख पुढची मिळाली. तेव्हा तू ये. आदल्या दिवशी एस.टी.ने ये, खिडकीशी बस, कोपर बाहेर काढू नकोस. दवाखान्यात मला आत नेताना दारापर्यंत हात धर. लहानपणी शाळेच्या दारापर्यंत धरायचीस, तेवढाच. मग बाहेर बस. एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतले होते, पण सुरुवात कुठून करावी हे कळेना.

ता. क. तिसरा. पाकिटावर पत्ता लिहायला सौंदर्याला दिले, कारण माझा पत्ता पोस्टमन वाचू शकत नाही. तिने विचारले, अक्काआज्जीला एवढे काय लिहिले? मी म्हणालो, गुळाचे भाव. तिने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "तारीख कुठली मिळाली ते खरं सांगा." दवाखान्यातून घरच्या नंबरवर फोन आला होता म्हणे, मॅचच्याच तारखेला पोट रिकामे ठेवा असे सांगायला. मला वाटले आता रागावेल, मॅचला जात नाही म्हणेल. तसे काही नाही. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली की तिलाही भीती वाटते. रेंजवर उभे राहिले की गुडघे थरथरतात, त्या जाकिटामुळे बाहेर दिसत नाही एवढेच. मला हे माहीतच नव्हते, अक्का. एवढी वर्षे मी कोपऱ्यात बसून तिच्याबरोबर श्वास धरतो आणि मला हे माहीत नव्हते. मग आमचे असे ठरले की त्या दिवशी सकाळी तिने आत जायच्या आधी मला फोन करायचा, मीही आत जायच्या आधी फोनवर असायचे, आणि ज्याला जास्त भीती वाटत असेल त्याने आधी बोलायचे. मी म्हणालो, मला कशाची भीती? ती म्हणाली, "मग मीच आधी बोलते."

तेव्हा तू येच, तारीख सौंदर्या फोनवर कळवील. माझी पट्टी दुसऱ्या दिवशी सुटणार, आणि तिचा निकाल मात्र मॅचच्या दिवशीच दुपारी फोनवर लिहून येणार. तो तुला मला वाचून दाखवायचा आहे. चांगला आला तर हळू वाच, एकेक आकडा. कमी आला तर थोडा वाढवून सांग. उजव्याला पट्टी असेल, डावा मी मिटून घेईन, काही तपासायला येणार नाही. आणि ती घरी आली की आधी मला तिच्याकडे नीट बघू दे, मग खरा आकडा तीच सांगेल.